हरिदास उस्ताद आणि दिवसाची गाडी

हरिदास मेश्रामच्या मते दिवसा गाडी चालवणाऱ्याला ड्रायव्हर म्हणणं म्हणजे धंद्याचा अपमान होता. दिवसा काय, सगळंच दिसतं! रस्ता दिसतो, खड्डा दिसतो, समोरून येणाऱ्याचं थोबाडसुद्धा दिसतं. "दिवसा तं बकरीबी चालवंल," असं तो घराजवळच्या, गुढियारीतल्या चहाच्या टपरीवर चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा. बाजूला बसलेला एखादा ऑटोवाला कानकोंडा झाला की मग याला चहा गोड लागायचा.

स्वतः हरिदास रातच्या लाईनचा राजा. संध्याकाळची नो-एन्ट्री सुटली की शहराबाहेर उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून लोखंडी सळयांनी भरलेला चौदा चाकी ट्रक काढायचा, तो सकाळी नागपुरात. तिथं दिवसभर झोपायचं, रात्री परत. असं करता करता मिशा पिकल्या. बाप तुमसरकडून इथं हिंदी मुलखात, रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यात आलेला. पोट्ट्यानं रेल्वेतच चिकटावं अशी त्याची फार इच्छा होती. हरिदासनं परीक्षा दिली, सपशेल नापास झाला आणि त्या दिवसापासून रेल्वेसुद्धा त्याच्या नजरेतून उतरली. "रुळावरची गाडी म्हणजे काय गाडी हाय? तिले तं स्टेरिंगच नसते!" कोल्ह्याला द्राक्षं आंबट, दुसरं काय.

मुलगा प्रशिक चौबे कॉलनीतल्या एका लॅबमध्ये कामाला, तर त्याचीही खैर नव्हती. "दिवसभर एसीत बसून लोकायचं रक्त काढते, डासासारखा." प्रशिक हिंदीत एवढंच म्हणायचा, "पापा, आप रहने दो," आणि हेडफोन कानात घालायचा.

पण हरिदासच्या तिरस्काराचा सगळ्यात मोठा वाटा जायचा बंडू वासनिकला. बंडू त्याचाच चेला. क्लीनर म्हणून आला, हरिदासच्या शिव्या खातखात शिकला आणि आता त्याच कारखान्याचा दुसरा ट्रक त्याच लाईनवर चालवायचा. हरिदास म्हणायचा, "याले मी गाडी शिकवली अन् हा बैलगाडी चालवून राहिला. पुढं मोकळा रोड हाय, अन् हा बाबू गोगलगाईवानी! मांगं मी असतो म्हून, नाहीतं झोपून गेला असता."

आता या 'मांगं मी असतो'ची खरी गोष्ट सांगतो. ती हरिदासनं कुणालाच सांगितलेली नव्हती.

त्याला रात्री दिसेनासं झालं होतं. पार आंधळा नव्हता, दिवसा चांगलं दिसायचं. पण समोरून गाडी आली की तिचे दोन दिवे फुटून अख्खी काच पांढरी व्हायची, आणि ती निघून गेली तरी बराच वेळ पुढं नुसता काळोख. आधी त्यानं दोष दिला एलईडीवाल्यांना, मग काच पुसणाऱ्याला, मग सरकारला. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. डॉक्टरकडं जाणं त्याच्या शानमध्ये बसत नव्हतं. त्यानं आपली एक युक्ती काढली: पुढच्या ट्रकचा मागचा लाल दिवा धरायचा आणि त्याच्या मागोमाग जायचं. तो वळला की वळायचं, तो थांबला की थांबायचं. कित्येक महिने राजेसाहेब असे दुसऱ्याचं शेपूट धरून नागपूर गाठत होते, आणि ते शेपूट असायचं बंडूचं. त्यालाच सकाळी बैलगाडी म्हणायचं! माणसानं किती निर्लज्ज असावं याला काही सुमार?

आतून मात्र त्याची तंतरली होती. एखाद्या रात्री आपण मरू हे त्याला कळत होतं. आणि कळत असूनही तो संध्याकाळी दाढी करून, मिशीला तेल लावून निघायचा.

शांताला, त्याच्या बायकोला, संशय आला तो नात्यातल्या एका लग्नात. हॅलोजनच्या उजेडात हरिदासनं मेव्हणा समजून बँडवाल्याला कडकडून मिठी मारली आणि वर विचारलं, "काहून बे, वाळून गेला?" सगळा मांडव हसला. शांता नाही हसली. ती समता कॉलनीतल्या एका शाळेत आया होती. दुसऱ्याच दिवशी तिनं तिथं बसगाड्या सांभाळणाऱ्या विकीला विचारलं आणि घरी येऊन सांगितलं, "एक डायवर सोडून चालला. सकाळी जा, दुपारी घरी या. रातची भानगडच नाही."

"शाळेची बस?" हरिदासनं असं तोंड केलं की जणू कुणी ताटात शेण वाढलं. "पिवळा डब्बा! चाळीसच्या वर पळत नाही, मांगं चिल्लर पोट्टे अंकल-अंकल करतेत, अन् एखाद्याची पाण्याची बाटली राहिली की त्याची माय मले फोन करंल. मी हरिदास उस्ताद हाव!"

"उस्ताद हाय तं बँडवाल्याच्या गळ्यात काहून पडले?"

त्यावर तो उठून बाहेर गेला. पण गोष्ट डोक्यात बसली. आठवडाभर तो मनातल्या मनात दोन्ही पारड्यांत माप टाकत राहिला. दिवसाची ड्यूटी घेतली तर जीव वाचेल, पण टपरीवर ऑटोवाले दात काढतील. रातची ठेवली तर मान राहील, पण किती दिवस? असा हिशेब कुणी शहाणा माणूस करेल का? हा करत होता. शेवटी शांताच्या कटकटीनं, म्हणजे निदान सांगताना असंच सांगायचं होतं, तो एकदा शाळेत जाऊन आला.

विकी म्हणजे गॉगल डोक्यावर चढवलेलं, चावी बोटावर फिरवणारं पोरगं. त्यानं हरिदासला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "अंकल, रिवर्स तो आता है ना?"

रिव्हर्स! चौदा चाकांचा भरलेला ट्रक गल्लीत मागं घेणाऱ्या माणसाला!

"और आई-टेस्ट होगा. बच्चों का मामला है, डॉक्टर आता है यहाँ. उसके बिना कोई नहीं बैठता सीट पे."

हरिदास जो फिरला तो सरळ घरी. "मले रिवर्स विचारते! कालचं पोट्टं! अशा नोकरीवर थुकतो मी!" चांगला तासभर त्याचा हा जप चालला. शांता भाजी निवडत ऐकत होती. रिव्हर्सचं शंभरदा आलं, डोळ्यांच्या तपासणीचं एकदाही नाही. खरं बोट तिथंच ठेचलं होतं. रातच्या लाईनवर डोळे कोण बघतं? मालक दयाराम सेठ फोनवर एकच विचारायचा, "माल पहुँचा?" पोचवणाऱ्याला दिसतं की नाही, याच्याशी त्याला काय देणंघेणं! जिथं दिसायला पाहिजे तिथं कुणी विचारत नाही आणि जिथं उन्हात गाडी चालवायची तिथं डॉक्टर बसवतात. हरिदासला हे उमगत होतं. म्हणूनच तर आवाज एवढा चढला होता.

मग नागपूरच्या वाटेवर ते देवरीजवळचं झालं. बंडूला चहाची तलफ आली आणि त्यानं ट्रक एका धाब्याच्या आवारात वळवला. मागून लाल दिवा धरून आमचे राजेसाहेब. आपण रस्ता सोडला हे त्यांच्या गावीही नाही. दिवा थांबला तसा यांनी ब्रेक मारला, पण भरलेला ट्रक थोडाच जागच्या जागी थांबतो? बंडूच्या गाडीला चुकवायला हात बाजूला गेला आणि ट्रक घुसला खाटांमध्ये. एक रिकामी खाट चाकाखाली मोडली. तिच्या शेजारच्या खाटेवर धाब्याचा म्हातारा वाढपी झोपला होता. तो ताडकन उठून बसला आणि बराच वेळ नुसता मोडक्या खाटेकडे बघत राहिला.

हरिदास खाली उतरला आणि काय केलं असेल त्यानं? बंडूच्या अंगावर धावून गेला. "वळताना साईड कोण देईल बे? तुहा बाप?" सगळ्या धाब्यासमोर. बंडूनं खाटेचे तुकडे उचलून भिंतीला लावले.

पुढच्या फेरीहून परतल्यावर, दुपारी, हरिदास हीच गोष्ट शांताला सांगत होता. म्हणजे त्याच्या सोयीची तेवढी. "त्या गाढवानं साईड नाही देल्ली, म्हून जरासा धक्का लागला. खाट मोडली एक." तेवढ्यात दारात बंडूच उभा.

"जयभीम काकू."

"ये बाबू, बस."

बंडू बसला नाही. "उस्ताद, सांगाले आलो. सोमवारपासून मी या लाईनवर नाही. जगदलपूरची गाडी घेतली."

"सुटलो बाप्पा!" हरिदासनं हात जोडले. "समोरून बैलगाडी हटली एकदाची."

बंडूनं आधी शांताकडं पाहिलं, मग उस्तादाकडं. "मी हळू काहून चालवतो, कधी विचारलं उस्ताद? तुमी माह्या लाईटवर चालता. आरशात दिसते ना मले. मी जरा पळवली की तुमची गाडी मांगं डगमगून राह्यते. म्हून मी पळवतच नाही. वळायच्या आधी खिडकीतून टॉर्च दाखवत होतो मी दर टाईम. त्या दिवशी भुललो. चहाच्या तलफेत भुललो एकदा, अन् तो म्हातारा..." तो थांबला. "मले झोप नाही लागून राहिली. तुमाले आता दुसरं कोणी सांभाळंल का नाही, मले माहीत नाही. माह्यानं नाही होत आता."

हरिदासनं शिवी हासडायला तोंड उघडलं. शिव्यांचा एवढा मोठा कारखाना, पण त्यातून एक बाहेर येईना.

"कोणता म्हातारा?" शांतानं विचारलं.

हरिदास खाली वाकून पायानं चपला चाचपू लागला.

"खाट मोडली म्हने तुमी. खाटेवर कोन होतं?"

"बाजूच्या खाटेवर," हरिदास पुटपुटला.

शांता उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, पण त्यात जी घृणा होती ती त्यानं संसारात कधी ऐकली नव्हती. "मले वाटत होतं तुमी मराल. रोज रात्री त्याच भेवानं जागी राहत होती मी. तुमी तं दुसऱ्याले माराले निघाले. अन् कायच्यासाठी? टपरीवर उस्ताद म्हनाव म्हून? थू तुमच्या उस्तादकीवर."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. हरिदास आणखी थोडा वेळ पीळ धरून बसला. बंडूकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. मग त्यानं फोन काढला आणि शांताला म्हणाला, "नंबर सांग त्या पोट्ट्याचा."

"हाँ अंकल!" पलीकडून विकी खदखदला. "रिवर्स सीख लिए क्या?"

"भैया," हरिदास म्हणाला. त्या पोरग्याला भैया! "आई-टेस्ट कब है?"

"कल सुबह. क्यों, कोई दिक्कत है क्या?"

नाही म्हणता आलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"है," तो म्हणाला. "रात को मेरे को दिखता नहीं है. बहुत दिन से नहीं दिखता."

"मैं क्या बोलूँ अंकल, डॉक्टर बताएगा," म्हणून विकीनं फोन ठेवला.

"अन् डॉक्टर नाही म्हनला तं?" शांतानं विचारलं.

"तं घरी बसीन." हरिदास दयाराम सेठचा नंबर शोधत होता. "पन आज रातची गाडी नाही काढत मी."