कोऱ्या रकान्यातलं नाव

रोह्याच्या कंपनीत मी मशीन चालवली. शाळा चौथी, तीही अर्धी. तिथे एक रीत होती: माल बिघडला आणि चूक कोणाची ते कळलं नाय, की रजिस्टरातल्या कोऱ्या रकान्यात शिफ्टच्या कामगाराचं नाव. असंच एकदा साहेबाने माझं घातलं. झडप उघडलेली त्यानेच, मी या डोळ्यांनी बघितलेलं. वर चारचौघांत म्हणाला, "अंगठेबहाद्दर, तुला काय कळतंय!"

ते मी विसरलो नाय. विसरणार पण नाय.

आता माझी लेक पेणला घरी बसून कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते, जावा नावाच्या भाषेत. मशीनच्या नोंदींना ती ट्रेस म्हणते. त्या वाचणारा प्रोग्राम लिहायचं काम तिच्याकडे. तो जाणार होता नेमका त्याच कंपनीत, आणि साहेब तिथेच, वर चढलेला. जुन्या नोंदीही त्यात, माझ्या त्या दिवसाची सुद्धा.

"बाबा, इंटरफेस म्हणजे करार," लेक म्हणाली. "प्रत्येक मशीनच्या नोंदी वाचायला प्रोग्रामचा एक तुकडा, वाचक; त्या प्रत्येकाने तो पाळायचा. त्यात मी नवी मेथड, म्हणजे वाचकाला विचारायचा नवा प्रश्न, घालतेय: मशीनवर कोण होतं? जुन्या नोंदीत नावच नाय, त्यांचे वाचक तिथे अडतील. म्हणून मेथडमध्येच ठरलेलं उत्तर ठेवायचं. डिफॉल्ट. साहेब म्हणतो, शिफ्टवाल्याचं नाव ठेवा."

म्हणजे माझं नाव पुन्हा, आता कॉम्प्युटरात!

"त्या साहेबाचंच नाव घाल गो!" मी म्हणालो.

"मग ते रजिस्टरच झालं परत. मी 'माहीत नाही' ठेवणार. नव्या मशीनला पासवर्डवरून कोण आत शिरलं ते कळतं, ती आपलं उत्तर आपण देईल."

मी रागाने टीव्ही मोठ्याने लावला.

पुढे नव्या मशीनवर माल बिघडला. साहेबाने सवयीप्रमाणे कामगाराला झापलं आणि भर बैठकीत प्रोग्राम लावायला सांगितला. पडद्यावर नाव आलं साहेबाचं. बिघाडाचा गजर त्याच्याच पासवर्डने बंद केलेला.

लेकीने हे सांगितलं तसा मी इस्त्रीचा सदरा चढवला, एसटीने रोहा गाठलं आणि कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर बसलो. साहेब बाहेर आला.

"ओळखलंत काय? अंगठेबहाद्दर."

तो गाडीकडे वळला.

"साहेब, मशीनवर कोण होतं हो?" मी मोठ्याने विचारलं. टपरीवरचे कामगार खो खो हसले.

माझ्या नोंदीपुढे आता 'माहीत नाही' लिहून येतं. मला माहीत हाय, त्यालाही हाय. उद्या पुन्हा जाणार. चहा बरा मिळतो तिथे.