तिसरी खाट

बाळंतपणाला नवी बाई दवाखान्यात आली, की अक्का तिला दारात उभी करायच्या आणि आधी स्वतः खाटेवर आडव्या व्हायच्या. हात पोटावर, डोळे आढ्याला, तोंडानं कानडीत शंभर आकडे. कळा देणारी बाई तशातही हसायची, "अक्का, बाळंतीण म्या हाय का तुमी?"

"थांब गं. ढेकूण मला चावू दे आधी."

मुरुम गावाच्या पुढं, कानडी मुलखाच्या शिवेवर, तीन खाटांचं हे सरकारी बाळंतपणाचं घर होतं. नर्स, आया, झाडूवाली, सगळं एकट्या अक्काच. कपाळावर विभूती, कमरेला किल्ल्या. "उभ्या माणसाला दवाखाना नुसता दिसतो," त्या म्हणायच्या, "निजल्यावर कळतो."

दिवस निजामाच्या अंमलातले. मी तालुक्याच्या कचेरीत मुन्शी होतो. वर्षातून एकदा अशा दवाखान्यांचा मुआयना करायचा, म्हणजे जायचं, बघायचं आणि बरं-वाईट लिहून वर पाठवायचं. आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. पहिल्या वर्षी मी गेलोच नाही. ऊन फार होतं. कचेरीत बसूनच लिहिलं, 'इमारत मजबूत, सर्व ठीक.'

दुसऱ्या वर्षी गेलो. खाटा मोजल्या, चादरी बघितल्या आणि निघालो, तर अक्का वाटेत उभ्या.

"टोपी काढा, साहेब. त्या तिसऱ्या खाटेवर निजा."

मला राग आला, पण त्या वाट सोडीनात. निजलो. पाठ टेकते न टेकते तोच डोळ्यात भुसा पडला. बरोबर माझ्या छातीच्या वर जाडजूड तुळई होती, आतून वाळवीनं पोखरलेली. तिचं टोक भिंतीतून बोटभर सुटून खाली आलं होतं. मी एकदम उठून बसलो.

"आमाला नापास करा," अक्का हात जोडून म्हणाल्या. "चांगलं लिवलं तर दुरुस्तीला कोण येतंय?"

मी मान डोलावली. कचेरीत आलो आणि मागचा कागद काढला. माझंच अक्षर, 'इमारत मजबूत.' मजबूत तुळई एका वर्षात कशी पोखरली, असं साहेब विचारणार. मग मी गेलोच नव्हतो हे निघणार, नोकरी जाणार. मागच्या वर्षीचं वाक्य तसंच्या तसं उतरवलं.

अक्कांनी ती खाट बंद ठेवली. दर बाजाराच्या दिवशी मात्र त्यांच्या गावचा कुणी ना कुणी गाडीवान कचेरीच्या पायरीशी येऊन सांगे, "अक्कांनी निरोप दिलाय. दीड बोट." पुढं कधी, "दोन बोटं."

"व्हय, वर कळवलंय," मी सांगायचो.

बाजाराच्या दिवसाची मला धास्ती बसली. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की मी कागदांत डोकं घालायचो. घरी जेवताना मान आपोआप वर जायची. बायको विचारी, "सारखं वर काय बघता? पाल हाय का?"

श्रावणाच्या झडीत दोन्ही खाटा भरलेल्या असताना लांबच्या वस्तीवरनं तिसरी बाई आली. ओसरीवर पाणी वाहत होतं. तिला ठेवायला दुसरी जागाच नव्हती. अक्कांनी तिला नेहमीसारखं दारात उभं केलं आणि तिसऱ्या खाटेवर जाऊन निजल्या. ती बाई पुढं सांगायची, मूवत्तु, म्हणजे तीस, इथवर अक्कांचा आवाज तिनं ऐकला.

शेजारच्या घरात ती सुखरूप बाळंत झाली. कोसळलेल्या तुळईखाली अक्कांची पाठ मोडली.

आठव्या दिवशी मी गेलो. त्यांना पहिल्या खाटेवर ठेवलं होतं. चेहऱ्यावरच्या विभूतीत आणि कातडीत फरक उरला नव्हता. मी म्हणालो, "अक्का, मी दोन्ही वर्षं खोटं लिहिलं."

"म्हायतीय मला. दुरुस्तीला कोण आलंच न्हाय, तवाच कळलं." जरा दम घेऊन म्हणाल्या, "कागद आणलाय? लिवून घ्या. ह्या खाटेवरनं दार दिसत न्हाय. कोण आलं, कोण गेलं कळत न्हाय, जीव घाबरतो. तांब्या हाताला पुरत न्हाय. इतकी वर्षं निजले हिच्यावर, पर शंभरच मोजायची. शंभरात काय कळत न्हाय, साहेब."

मी लिहीत गेलो. वर 'नापास' लिहिलं, आणि शेवटी, 'मागील दोन्ही मुआयने खोटे, अक्षर माझे.' सही करून कागद पाठवला आणि बोलावण्याची वाट बघत बसलो. महिन्याच्या आत अक्का गेल्या. त्याच सुमारास राज्य बदललं, कचेऱ्या बदलल्या, माणसं बदलली. तो कागद कुठं गेला कुणास ठाऊक. मला कुणी काही विचारलं नाही. नोकरी टिकली, वर बढतीही मिळाली.

अजून परक्या छपराखाली पाठ टेकली, की मी डोळे उघडे ठेवून कानडीत मोजायला लागतो. आकडे सगळे पाठ आहेत. मूवत्तुच्या पुढं मात्र तोंड उघडत नाही.