बेडकाच्या मेंदूखालची फुली

सडक अर्जुनीत महामार्गाच्या कडेला, दोन ढाब्यांच्या मधे, आईचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतपंपांच्या जळलेल्या मोटरी तिथं येतात. आई जळकी तार काढते, नवी भरते, वार्निश लावते. काम ती आमच्या वडिलांकडून शिकली आणि ते गेल्यापासून एकटी चालवते. माझी धाकटी बहीण गोंदियात बीएस्सीला होती, प्राणिशास्त्र घेऊन.

कॉलेजात आता बेडूक कापत नाहीत. बरण्यांतले जुने नमुने पांढरे पडले आहेत. बहिणीनं शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी बेडकाच्या मज्जासंस्थेची प्रतिकृती करायचं ठरवलं. प्राध्यापिकांनी सांगितलं, बाहेरच्या परीक्षकांना पसंत पडली तर प्रयोगशाळेत कायम ठेवू, नाहीतर प्लास्टिकची विकत आणू. बहिणीनं वर्गात जाहीर केलं की तारा आई भरणार आहे. मागून कोणीतरी विचारलं, "बेडूक किती एचपीचा?" सगळे हसले. ती रागानं घरी आली आणि आईसमोर आकृती ठेवून म्हणाली, "एकही नस सुटली नाई पाहिजे."

आईनं मोटरीच्याच तारा वापरल्या. प्लायवूडच्या फळीवर पुट्टीचा मेंदू केला: पुढे वासाच्या पाळ्या, मग प्रमस्तिष्काचे दोन गोल, त्यांच्यामागे दृष्टीच्या दोन फुगीर पाळ्या, नंतर अनुमस्तिष्काची बारीक पट्टी, मग मस्तिष्कपुच्छ आणि शेवटी मेरुरज्जू. मेंदूतून दहा जोड्या तारा निघत होत्या. मेरुरज्जूतूनही दहा, त्यातली शेवटची केसासारखी. प्रत्येक तारेच्या टोकाला पितळी स्क्रू आणि उगमाला सजावटीच्या माळेतला बारीक दिवा. सेलला जोडलेली तार स्क्रूला टेकवली की ती नस मेंदूत किंवा मेरुरज्जूत जिथून निघते, तिथला दिवा लागे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी बहीण एकेक स्क्रू तपासत होती. मी वर्तमानपत्राच्या नोकरीतून सुट्टीवर आलो होतो आणि यादीवर खुणा करत होतो. तिनं डाव्या डोळ्याच्या स्क्रूला तार टेकवली. डावीकडची पाळी उजळली. तिनं पुन्हा टेकवली.

"आई, हे उलटं झालं."

"उलटं कसं? सरळ तं हाय."

"डाव्या डोळ्याची नस उजवीकडं जाते. मेंदूच्या खालून. तिथं दोन्ही नसांची फुली होते."

आईनं आकृती पुन्हा पाहिली. "मले वाटलं, तू घाईत रेषा एकमेकीवर काढल्या. मी सरळ केल्या."

तिच्या धंद्यात हे बरोबरच होतं. कॉइलची टोकं एकमेकांवरून न्यायची नाहीत, हा वाइंडिंगचा पहिला धडा. मोटर थरथरते, तारा घासतात, वरचा मुलामा जातो आणि शॉर्ट होतो. फुली दिसली की सोडवायची, ही तिच्या हाताची सवय होती.

"पण काऊन असं?" आईनं विचारलं.

"पक्कं कोणालेच माहीत नाई."

"माहीत नाई, अन् तरी तसंच हाय?"

"तसंच हाय."

फुलीची जागा पुट्टीखाली बुजलेली होती. ती उघडायची तर मेंदू फोडावा लागणार होता. मी सुचवलं की फळीच्या मागून दोन दिव्यांची टोकं बदलून टाकावीत. दिवे बरोबर लागतील, आतलं कोणी पाहणार नाही.

आई म्हणाली, "दिवा बरोबर लागंल बाबू. आतली तार खोटी राहील. तू बातमीत असंच करते का?"

मी यादी बाजूला ठेवली.

तिनं छिन्नी घेतली आणि मेंदू फोडला. तेवढ्यात एक शेतकरी मोटर घेऊन आला.

"काकी, आज होईल का?"

"आज बेडूक हाय. उद्या सांजच्याला ये."

तो आत डोकावला. "बेडकालेबी करंट लागते का?"

"तुले लागते तं त्याले काऊन नाई लागणार?"

तो हसत बाकावर बसला आणि काम संपेपर्यंत उठला नाही. आईनं दोन नव्या तारा घेतल्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत त्या एकमेकींवरून नेल्या, मध्ये इन्सुलेशनच्या कागदाची चिंधी घातली, वार्निशचा थेंब सोडला. पुट्टीचा नवा मेंदू तिनं दोन भागांत केला. वरचा भाग झाकणासारखा उचलता येत होता. "लपवाचं कायले?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये आईनं फळी कोणाच्या हाती दिली नाही. कॉलेजात ती आणि मी प्रयोगशाळेच्या दाराशी बाकावर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. परीक्षकांनी डाव्या डोळ्याच्या स्क्रूला तार टेकवायला सांगितली. "उजवी पाळी लागली," बहीण म्हणाली. मग त्यांनी विचारलं, "आत खरंच फुली आहे, की मागून जोडलंय?" बहिणीनं झाकण उचलल्याचा आवाज आला.

"हे कोणी केलं?"

"आईनं. बाहेर बसली आहे."

त्यांनी आईला आत बोलावलं. मीही दारात उभा राहिलो. परीक्षकांच्या हातात भिंग होतं. मेरुरज्जूच्या सातव्या, आठव्या आणि नवव्या तारेवर बोट ठेवून त्यांनी आईला विचारलं, "या तिन्ही एकत्र का आणल्या?"

"मागच्या पायात जाते ना सर. उडी मारते तो. लोड तिथं जास्त हाय, म्हणून तिघी मिळून एक जाड तार."

"बरोबर," ते म्हणाले आणि बहिणीच्या वहीवर सही केली. एचपी विचारणारा मुलगा फळीजवळ वाकून पायाच्या स्क्रूला तार टेकवत होता.

घरच्यांविषयी लिहायचं नाही, हा नियम मी नोकरीत पाळत आलो. हा मजकूर वर्तमानपत्रासाठी नाही, म्हणून लिहितो: त्या खोलीत आपलं काम सर्वांत नेमकं जाणणारी व्यक्ती माझी आई होती.

प्राध्यापिकांनी काचेच्या कपाटाची किल्ली मागवली. आईनं त्यांना थांबवलं.

"म्याडम, कपाटात नका ठेवू. पोरायले हात लावू द्या. बिघडलं तं फोन करा, मी येऊन दुरुस्त करून देईन."

फळी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली गेली.