पिल्लं द्यायची कुणाच्या घरी

मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि जाताना तिचा फिशटँक आमच्या गळ्यात घालून गेली. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाणं टाक, बाकी काही करावं लागत नाही, असं तिनं सांगितलं होतं. बाकी काही करावं लागत नाही यावर माझा विश्वास बसत नाही. आठवडाभर मी बँकेत काउंटरवर बसते आणि रविवारी सुरतेतल्या डिंडोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये जे जे घासता येईल ते घासते. तसा टँकही घासायला लागले. मासे बादलीत काढायचे, होतं नव्हतं ते पाणी ओतून द्यायचं, गोटे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुवायचे आणि टँक पुन्हा काठोकाठ भरायचा. काच अशी लखलखायची की येणाराजाणारा कौतुक करायचा. आणि बुधवार-गुरुवारपर्यंत एखादा मासा उताणा होऊन तरंगायला लागायचा.

आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, म्हणणं होतं की नातीच्या आठवणीनं मासे खंगताहेत. मी मेलेल्या माशाच्या जागी नवा आणायचे. शेवटी उधन्याच्या दुकानदारालाच माझी दया आली. तुम्ही कोथिंबीर आणावी तसे दर आठवड्याला मासे नेता, म्हणाला, त्यापेक्षा एकदा आमच्या क्लबात या. रंगीत मासे पाळणारी मंडळी रविवारी सकाळी भेस्तानला जमायची, असं त्याच्याकडूनच कळलं.

आमचे हे म्हणाले, तू जा, मी पेपर वाचतो. आई म्हणाल्या, मी येते. क्लब म्हणजे काहीतरी समारंभ असणार असं समजून त्या लग्नातली जांभळी साडी नेसल्या होत्या. क्लब म्हणजे काय असतं ते मलाही ठाऊक नव्हतं.

एका साडी पॅकिंगच्या गोदामावर हॉल होता. आत वीस-पंचवीस पुरुष प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले. कुणी डाइंग मिलमधला केमिस्ट, कुणी हिरे घासणारा, एक दातांचे डॉक्टर. बाई म्हणून आम्ही दोघीच. प्रमुख होते ते रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले गुजराती गृहस्थ. उंच, पांढऱ्या मिशा, आवाज मात्र अगदी मऊ. त्यांनी आईंना पंख्याखालची खुर्ची दिली आणि मला विचारलं की पाणी कसं बदलता. मी जरा अभिमानानंच सगळं सांगितलं. दातांच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

मग मला सगळ्यांनी मिळून शिकवलं. जुन्या पाण्यात, त्याहून जास्त त्या बुळबुळीत स्पंजात, माशांची घाण पचवणारे जिवाणू राहतात. मी दर रविवारी ते निपटून काढत होते आणि वर क्लोरीनचं ताजं पाणी ओतत होते. थोडंच पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, आणि स्पंज टँकच्याच पाण्यात पिळायचा. मला वाईट वाटलं, पण कुणी हसलं नाही. प्रत्येकानं आपण सुरुवातीला काय काय मारलं तेच सांगितलं. आम्ही त्याच दिवशी सभासद झालो. आईंनीही स्वतःचं नाव घालायला लावलं.

त्यांना तिथं करमलं याचं मला नवल वाटलं. आईंची बोली अहिराणी. नवागामात सासरे कापडाच्या लूमवर कामाला होते तेव्हापासून त्या सुरतेत आहेत, पण लग्नं आणि दहावे सोडून फारसं कुठं जाणं नाही. क्लबातले लोक गुजरातीत बोलायचे, त्या अहिराणीत उत्तर द्यायच्या आणि दोन्हीकडचं काम चालायचं. सगळे त्यांना बा, म्हणजे गुजरातीत आई, म्हणायला लागले.

घासायचं बंद केल्यावर मासे जगायला लागले. त्यातली एंजल जातीच्या माशांची जोडी चांगली तळहाताएवढी झाली. काळे पट्टे, लांब पंख, चालही ऐटबाज. एका संध्याकाळी मी बँकेतून आले तर आई टँकसमोर स्टूल घेऊन बसलेल्या. फिल्टरच्या नळीवर साबुदाण्याहून बारीक अंडी ओळीनं चिकटली होती आणि दोन्ही मासे पंखांनी त्यांना वारा घालत होते.

मी क्लबाच्या ग्रुपवर फोटो टाकला. प्रमुखांचा लगेच फोन आला. एंजल पुष्कळदा स्वतःचीच अंडी खातात, नळी अंड्यांसकट दुसऱ्या भांड्यात काढा, असं त्यांनी सांगितलं. आईंना ते पटेना. आईबापांपासून लेकरं तोडायची हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं. मी हरले. सकाळी उठलो तर नळी स्वच्छ होती.

"आपलाच पोरं खाई ग्या," एवढंच आई म्हणाल्या. नंतर तीन-चार दिवस त्यांनी त्या जोडीला खायला घातलं नाही. ते काम माझ्याकडे आलं.

पुढच्या वेळी मात्र अंडी दिसताच त्यांनीच बरणी धुवून ठेवली होती. प्रमुख स्वतः येऊन निळं औषध देऊन गेले, अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून. दोन दिवसांनी काळे ठिपके हलायला लागले, मग त्यांना शेपट्या फुटल्या, मग ती पोहायला लागली. त्यांच्यासाठी मी मिठाच्या पाण्यात बारीक कोळंबीची अंडी उबवायला शिकले. बरीच पिल्लं गेली. जी राहिली ती हळूहळू आईबापांसारखी त्रिकोणी दिसायला लागली आणि त्यांना आमची टाकी पुरेना.

क्लबाची पद्धत अशी की जास्तीची पिल्लं सभेत आणायची आणि ज्याला हवी त्यानं न्यायची. आम्ही ती पिशव्यांत घालून घेऊन गेलो. मी पिशव्या टेबलावर मांडणार तोच आईंनी त्या आपल्या खुर्चीजवळ ओढून घेतल्या. पुढं आला तो हिरे घासणारा.

"तुम्हना घरमा मांजर शे का?" आईंनी विचारलं.

तो म्हणाला, "ना बा, बिलाडी नथी."

मग टाकी केवढी, घरात दिवसभर कोण असतं, गावाला गेल्यावर खायला कोण घालतं, हे सगळं झालं. पोरीसाठी स्थळ बघताना विचारतात तसं. तो बिचारा हात बांधून उत्तरं देत होता. त्याला पिशवी मिळाली. केमिस्टलाही मिळाली. दातांचे डॉक्टर मात्र नापास झाले, कारण त्यांची टाकी दवाखान्यात होती आणि तिथं लोक रडत असतात. त्यांनी बरंच समजावलं, पण आईंचं मन वळलं नाही. मला हसूही येत होतं आणि कुठं तोंड लपवू असंही झालं होतं.

शेवटची, सगळ्यात सुंदर जोडी प्रमुखांनी मागितली. त्यांची पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली होती, मुलगा परदेशात. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळं कुणी काही विचारत नसे. आईंनी विचारलं. घरात एकटेच राहता तर दिवसभर यांच्याशी बोलणार कोण?

प्रमुख पिशवीपर्यंत खाली वाकले. मग त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "बा, हुं बोलीश ने."

आईंनी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि ती धरायची कशी तेही दाखवलं. प्रमुखांना ते दाखवायची काही गरज नव्हती. तरी त्यांनी पाहून घेतलं.

मध्यंतरी एकदा त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. टाकी जेवणाच्या टेबलाला लागूनच ठेवली होती, ताटावर बसलं की मासे समोर यावेत अशी. जोडी मोठी झाली होती, जरा जास्तच. आईंनी काचेजवळ तोंड नेऊन पाहिलं आणि तुम्ही यांना फार खाऊ घालता म्हणून त्यांना रागावल्या. ते म्हणाले, मी जेवायला बसलो की हे काचेशी येऊन बघत राहतात, मग एकट्यानं कसं खायचं? आईंनी पदरानं काचेवरचा आपलाच ठसा पुसला आणि चहा घेतला.

परतताना रिक्षात, डिंडोलीचा पूल आल्यावर त्या मला म्हणाल्या की पुढच्या रविवारी प्रमुखांकडे वांग्याचं भरीत करून नेऊ, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मी करीन. वांगी कुठून आणायची तेही त्यांनीच ठरवलं.