बोटभर बालाघाट

रशीद मास्तर गेल्याचा निरोप सास्तूरहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं दिला. सुटे पैसे द्यावेत इतक्या सहज त्यानं तो दिला, आणि मला त्याचा रागच आला. त्याला आता दीड महिना झाला... राग अजून आहे, पण तो कंडक्टरवरचा नव्हे.

तुळजापूरच्या शाळेत आम्ही सहा वर्षं एकत्र शिकवलं. निजामाच्या काळात उर्दूतून शिकवलेला भूगोल मास्तरांनी विलीनीकरणानंतर मराठीतून शिकवायला घेतला आणि शाळेच्या अंगणात मातीचा भारत मांडला. हिमालय ओल्या गाळाचा. त्यावर दरवर्षी मूठभर माती चढायची, कारण 'त्ये अजून वाढतं पोर हाय.' अरवलीला मात्र कधी डागडुजी नाही. 'म्हातारा हाय, झिजू द्या.' सह्याद्री म्हणजे काळ्या चिपांचे थरावर थर, पायऱ्यांसारखे. विंध्य आणि सातपुड्याच्या मधून मुली तांब्यानं नर्मदा सोडायच्या. आणि आमच्या पायाखालचा बालाघाट, बोटभर उंचीचा.

पुस्तकातल्या नकाशात बालाघाट नव्हता. इन्स्पेक्शनच्या सकाळी हेडमास्तर मला म्हणाले, "बाई, तेवढी वळकटी काढून टाका. साहेब नावं ठेवतील." मी पायानं ती सपाट केली. हो, मीच केली. नोकरी टिकवायची होती, हे कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले.

मास्तर ते पाहून हसले. "लई जोर हाय बाई तुमच्या पायात. अरवली झिजायला कोट्यवधी वरसं लागली, तुम्ही चहा निवायच्या आत बालाघाट उरकला!"

मग साहेबांच्या देखत ते उकिडवे बसले आणि ओल्या मातीनं डोंगर परत उभा करू लागले.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" साहेबांनी विचारलं.

"पुस्तकात न्हाय, साहेब. सोलापूरहून येताना तुमची जीप ज्याच्यावर धापा टाकत चढली, त्योच ह्यो."

"काढा ते."

"न्हाय काढणार."

महिन्याभरात त्यांची सास्तूरला बदली झाली. माफीचे चार शब्द लिहून द्या, बदली रद्द होईल, असंही सुचवण्यात आलं. त्यांनी ट्रंक बांधली. इकडे हेडमास्तरांनी बालाघाट पुन्हा सपाट करवला. मी तेव्हाही गप्पच होते.

परवा सास्तूरला त्यांच्या घरच्यांना भेटून आले. तिथल्या शाळेच्या अंगणातही मातीचा भारत आहे. हिमालय चांगला गुडघ्याएवढा झालाय, आणि बालाघाट तेवढाच, बोटभर. चिडूनसुद्धा मास्तरांनी त्याला कणभरही जास्त उंची दिली नव्हती. मी तिथं उभी राहून रडले.

परतल्यावर आमच्या शाळेच्या अंगणात मी स्वतःच्या हातानं बालाघाट घातला. सोमवारी इन्स्पेक्शन आहे. 'बाई, तेवढं काढून टाका,' असं आताचे हेडमास्तरही दोनदा सांगून गेले. अजून दहादा सांगू देत. सोमवारी मी त्या डोंगराशेजारी खुर्ची टाकून बसणार आहे.