देवी काढणाऱ्याच्या अंगठ्यावरची चामखीळ

माझ्या डाव्या अंगठ्यावर हरभऱ्याएवढी चामखीळ होती. एरवी तिच्यावर एक ओळही खर्ची घातली नसती. पण मी देवी काढायच्या नोकरीत होतो, आणि लस टोचताना लेकराचा दंड ज्या अंगठ्याने ताणून धरायचा, तोच हा. सोलापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती दोनदा ॲसिडने जाळली. दोन्ही वेळा ती आणखी जाड होऊन उगवली. "काही अपाय नाही, लक्ष देऊ नका," ते म्हणाले. मी नाही देणार हो, पण लोकांच्या डोळ्यांचं काय?

त्या उन्हाळ्यात मैंदर्गीच्या बाजूला देवीची साथ आली. गावाबाहेर माळावर एका धनगर कुटुंबाचं पाल होतं. म्हातारी, तिची सून, आणि सुनेची दोन लेकरं: चारेक वर्षांची मुलगी आणि कडेवरचा मुलगा. दोघांनाही टोचलेलं नव्हतं. मी पेटी उघडली, मुलाचा दंड धरला, तोच म्हातारीने माझं मनगट पकडलं.

"ह्ये काय हाय?"

"चामखीळ."

"देवीचाच फोड की ह्यो. वाळून बसलाय."

"नाही आजी. हिचा देवीशी काही संबंध नाही."

"मंग काडून का टाकंना?"

"जाळली, तरी परत येते."

म्हातारी सुनेकडे बघून हसली. "बोटावरचा दाना ह्याला घालवता येईना, आन देवीला वाटंत आडवतो म्हनं. बेडप्पा, बेडा. नगं आमाला."

मी तापलो. गिरणीच्या फाटकाशी उभं राहून गंडेदोऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटलेला माणूस मी. त्यातली निम्मी माझीच लिहिलेली. ती सगळी तिला तोंडपाठ ऐकवली. वेडगळ समजुती, अज्ञान, लेकरांचे बळी. ऐकून झाल्यावर तिने उठून तट्टाच्या शेपटीचा एक केस उपटून आणला.

"ह्यो त्या दान्याला बांदते. आठ दिसांत गळून पडंल. माजं तुमी ऐका, मंग तुमचं मी ऐकते."

आठ दिवस थांबायला साथ कुणाची चाकर होती? शेजारच्या गावात माणसं मरत होती. एवढ्या मुलखाला सरकारने एक पेटी आणि एक माणूस धाडला होता. समजवायला वेळ कुणापाशी होता? मी हात पुढे केला.

"बांधा. पण लेकरांना आजच टोचू द्या."

"आत्याबाई, दोगांस्नी बी टोचू द्या की," सून हळूच म्हणाली.

म्हातारीने विचार केला. "पोरीला टोचा. तिला काय न्हाय झालं तर पोराचं बगू."

"दोघांना का नाही?"

"पोरगं येकच हाय."

"म्हणजे पोरीचं काही झालं तर चालेल?"

सुनेने पदराचं टोक दातात धरलं. मुलगी आपणच पुढे आली आणि बाही वर करून उभी राहिली. तिला टोचलं. मुलासाठी मी पुन्हा विनवलं, दरडावलंही. म्हातारी माझ्या चामखिळीभोवती केस आवळत राहिली.

आठव्या दिवशी परत गेलो. चामखीळ काळीनिळी झाली होती, पण जागची हलली नव्हती. म्हातारीने तिच्यावरून हटकलं, तर मुलीच्या दंडावर उठलेला लसीचा फोड दाखवून भांडायचं ठरवलं होतं.

माळावर पाल नव्हतं. तीन दगडांची चूल आणि लेंड्या. साथीला भिऊन ते मेंढरं घेऊन दक्षिणेकडे गेले, असं गावकऱ्यांनी सांगितलं.

मुलीला आता बहुतेक देवी येणार नाही. त्या घरात तिची किंमत कमी होती म्हणून ती वाचली, आणि ज्याला जिवापाड जपलं तो उघडा राहिला. मी पेटी उचलली आणि दक्षिणेच्या वाटेला लागलो. पुढच्या दोन गावांत विचारलं. मेंढरं गेलेली सगळ्यांनी पाहिली होती. कडेवरचं पोर कुणाच्या ध्यानात नव्हतं.