दुसऱ्या भागात नसलेली वाट

नांदेडच्या आमच्या गल्लीत सिनेमा बघायची एक रीत होती. घरटी एकीने बघायचा आणि बाकीच्यांना सांगायचा. आमच्या घरातून मला पाठवत, कारण मला संवादांसकट सगळं आठवायचं. रविवारी दुपारी बायका शेंगा फोडत बसायच्या आणि मी मधोमध. मध्ये कोणी बोललं की मी सरळ उठून जायची. माझा हा तोरा गल्लीने बराच सहन केला.

भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात ऐकायला एक नवी आली. आत्याची मुलगी, दहा वर्षांची. औसा तालुक्यातलं त्यांचं दगडमातीचं घर पहाटे पडलं, तेव्हा आत्या आणि तिचे मालक अंगणात झोपलेले, म्हणून वाचले. ही आणि हिचा मोठा भाऊ आत होते. हिला सकाळी बाहेर काढलं. भाऊ गेला. आत्याचं बिऱ्हाड पत्र्याच्या शेडमध्ये, म्हणून शाळेसाठी हिला आमच्याकडे ठेवलेलं. तिच्यासमोर तो विषय काढायचा नाही, अशी बाबांची सक्त ताकीद होती.

आणि मी शहाणी नेमका गुहेचा सिनेमा सांगायला बसले. हिंदीत डब केलेला, साहसाचा. दोन भाऊ खजिना शोधायला डोंगरातल्या गुहेत शिरतात. शेवटी गुहेचं छत कोसळतं, धाकटा त्याखाली सापडतो आणि थोरला एकटाच बाहेर येतो. छत कोसळेपर्यंत मी रंगात आले होते. मग तिच्याकडे लक्ष गेलं. तिने हातातली शेंग फोडायची थांबवली होती, आणि आई माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघत होती.

"मग त्या धाकट्याला दिसली पाण्याची वाट," मी ठोकून दिलं. "भिंतीतून पाणी चाललेलं. त्यातून सरपटत सरपटत तो थेट नदीत निघाला."

तिने शेंग फोडली. नंतर तिने तो सिनेमा माझ्याकडून किती वेळा सांगून घेतला, मोजलं नाही. दर वेळी ती वाट लांबत गेली. तिच्यात वटवाघळं आली, मासे आले. शेवटी शेवटी तर मलाच तो नदीतून वर येताना दिसायचा.

तीन वर्षांनी मी बारावीला लातुरात होते. खोलीत चौघी, भिंतीवर सूत्रं आणि दर रविवारी सकाळी टेस्ट. चारातले तीन पर्याय खोडायचे आणि उरेल ते उत्तर, हे डोक्यात इतकं भिनलेलं की भाजीवाल्याशीही मी तशीच भांडायची. अशा एका रविवारी ती आत्याकडून नांदेडला परत जाताना माझ्याकडे उतरली. त्याच सिनेमाचा दुसरा भाग लागला होता. तिनेच हट्ट धरला. आम्ही तीनच्या खेळाला गेलो.

पहिल्या पाच मिनिटांत भिंतीवर धाकट्याचा फोटो, फोटोला हार.

"अक्का, हा तर वाचला हुता ना?"

"नंतर मेला असंल," मी म्हणाले. मी मनापासून म्हणाले. माझाही गोंधळ झाला होता. पाण्याची वाट सिनेमात होती की मी घातली होती, हे मला खरंच चटकन आठवेना.

त्यात सिनेमाही काही कमी नव्हता. पहिल्या भागात दरीत पडलेला खलनायक इथे ठणठणीत. पहिल्या भागात जळालेला नकाशा थोरल्याच्या खिशात, साधी घडीही न मोडलेली. थोरला डाव्या पायाने लंगडत गुहेत शिरला आणि आत जाऊन उजव्या पायाने लंगडायला लागला. मी हे सगळं तिला मोठमोठ्याने दाखवत राहिले. पुढच्या रांगेतला माणूस दोनदा मागे वळला. सिनेमावाल्यांनाच ताळमेळ नाही, हे तिला पटावं, एवढीच माझी धडपड होती. ती मात्र पडद्यावर काहीतरी शोधत होती. थोरला त्या जुन्या जागी जाऊन ढिगाऱ्यापाशी रडला, तेव्हा ती खुर्चीच्या कडेला सरकून भिंती बघत होती.

बाहेर पडल्यावर आम्ही रसवंतीत बसलो. तिने ग्लासला हात लावला नाही.

"नकाशाची दुसरी कापी असंल," ती म्हणाली. "दरीत पडला त्याचं प्रेत कुणी बघितलंच न्हवतं. पायाचं चुकलं त्यांचं. पण पाण्याची वाट न्हाईच की तिथं. सगळ्या भिंती बघितल्या मी."

आता पर्याय एकच उरला होता, आणि तो तिनेच बाकीचे खोडून ठेवला होता.

"मी घातली होती ती," मी म्हणाले. "तो तिथंच मेला. पहिल्याच भागात."

ती रागावेल असं वाटलं. रागावली असती तर मीही तिच्यावर ओरडले असते आणि सुटले असते. ती टेबलावरच्या माशा हाकलत बसली.

"दादा झोपेतच गेला, असं सगळे सांगायलेत," ती म्हणाली. "तेबी असंच हाय का?"

भूकंपानंतर बाबा आत्याच्या गावाहून परत आले त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. आईला त्यांनी काय सांगितलं, ते मी ऐकलं होतं. पोरीला कळू द्यायचं नाही, हे आत्याने बाबांच्या पाया पडून सांगितलं होतं. एक शब्द बोलायचा होता, हाव किंवा न्हाई. आणि माझ्याच्याने हाव म्हणवेना.

"झोपेत नाही," मी म्हणाले. "उन्हं वर आली तरी आतून त्याचा आवाज येत होता. तुला हाका मारत होता. दगड हलवता आले नाहीत कुणाला."

मला तिच्याकडे बघवलं नाही. आता ही किंचाळेल, लोक जमतील आणि बाबांना मी काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

"म्हंजे मला ऐकू आलं ते खरंच हुतं," ती म्हणाली.

तिच्या आवाजात सुटका होती. मला काहीच कळेना.

"मी आईला सांगितलं तर ती म्हणली सपान पडलं असंल. मामा म्हणले तू बेशुद्ध हुतीस. मला वाटलं माझंच डोकं फिरलंय. तीन वरसं वाटायलंय." मग ती पुढे झुकली आणि तिने माझं मनगट धरलं. "मी ओ देत हुते, अक्का. दर हाकेला देत हुते. तोंडात माती हुती तरी. त्याला ऐकू गेली असंल ना?"

माझ्या ओठांवर 'हाव' आलंच होतं. तिच्या बोटांची पकड मला अजून आठवते.

"मला माहीत नाही गं," मी म्हणाले.